कॅमेऱ्यापुढे चिकाचा पडदा

बेंगळुरूला जाणे झाले, की मी चिक्कपेटेत मावशीकडे उतरते. मेट्रोच्या चिक्कपेट स्थानकातून वर आले, म्हणजे रेशमी साड्यांची दुकाने, गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून कन्नड, तमिळ, तेलुगू वा हिंदी यांपैकी योग्य ती भाषा निवडणारे दुकानदार, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल आणि या सर्वांमधून वाट काढणाऱ्या दुचाकी यांचा एकच कल्लोळ समोर येतो. तो ओलांडून दोन बोळ मागे टाकले, की मावशीचे घर. खाली सोन्याचांदीची गलाई, वर राहते घर आणि त्यावर गच्ची. सांगली जिल्ह्यातील विटे, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतून गलाईच्या धंद्यासाठी भारतभर पांगलेल्या अनेक मराठी कुटुंबांपैकी हे एक. जुने दागिने मुशीत वितळवायचे, त्यांतील हीण काढून टाकायचे आणि शुद्ध धातू तोलून परत द्यायचा, असा हा विश्वासावर चालणारा व्यवसाय आहे. मावशी लग्न होऊन या बोळात आली, त्याला आता पन्नासांहून अधिक वर्षे लोटली.

या खेपेस तिच्या खोलीत एक नवा रहिवासी दिसला. कपाटावर मुठीहून जरा मोठे असे एक पांढरे यंत्र बसले होते. त्याला एकच काळाभोर डोळा होता आणि मी पलंगाकडे गेले, तशी त्याची मान हलकेच माझ्या दिशेने वळली. घरगुती कॅमेरे मी पाहिले नव्हते असे नाही. परंतु आपल्या मागोमाग मान वळवणाऱ्या यंत्रापुढे बॅग उघडून कपडे काढताना मी क्षणभर संकोचले, हे कबूल केले पाहिजे.

त्या यंत्राला तिथे येण्यास सबळ कारण होते. गेल्या श्रावणात एके दुपारी मावशी पलंगावरून उठताना तोल जाऊन पडली. मावसभाऊ खाली भट्टीपाशी, वहिनी आणि नातू आपापल्या शाळांत. मनगटाचे हाड मोडलेल्या अवस्थेत ती पाऊण तास जमिनीवर पडून होती, आणि भट्टीच्या पंख्याच्या घरघरीत तिच्या हाका खाली कोणालाही ऐकू गेल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे प्राणास मुकतात, आणि त्यांत साठी उलटलेल्यांचा भरणा सर्वांत अधिक असतो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला तशा स्थितीत पाहिल्यावर मावसभाऊ दुसऱ्याच दिवशी जवळच्या सदर पत्रप्पा रस्त्यावर गेला. विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा हा बाजार सारे बेंगळुरू एस. पी. रोड या नावाने ओळखते. तेथून त्याने हा कॅमेरा आणला. आता भट्टीपाशी बसल्या बसल्या त्याला फोनवर आईची खोली दिसते. त्याचे यात काही चुकले असे मला वाटत नाही.

पण दोन दिवसांतच माझ्या ध्यानात आले, की मावशी साडी बदलण्यासाठी न्हाणीघरात जाते. ओली फरशी, हातात निऱ्या, एका हाताची पकड अजून अधू. पडू नये म्हणून आणलेल्या यंत्रापायी तिने घरातली पडण्याची सर्वांत हमखास जागा जवळ केली होती. मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “अगं, त्याला डोळा मिटता येत नाही. माणूस असता, तर त्यानं मान तरी फिरवली असती.”

मावसभावाला हे सांगताच तो ओशाळला. त्याने फोन काढून मला दाखवले, की कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये ‘खासगी’ नावाचे एक बटण आहे. ते दाबले, की यंत्राचा डोळा आत वळतो आणि चित्र बंद होते. “आईनं नुसतं सांगायचं. मी लगेच बंद करीन.”

“म्हणजे लुगडं बदलायचं झालं, की आधी तुला फोन लावायचा?” मावशीने विचारले.

माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म त्या एका वाक्यात होते. बटण होते, ते उत्तम चालतही होते. पण ते तिच्या हाती नव्हते. शिवाय ते खरोखर दाबले गेले आहे, की नाही, हे पलंगावरून तिला कळण्यास मार्ग नव्हता. यंत्राच्या पोटावर एक बारीक दिवा आहे खरा. परंतु तो हिरवा असता काय समजावे आणि निळा असता काय, हे त्या घरात फक्त तेरा वर्षांच्या नातवाला ठाऊक होते. यंत्राची वायर उपटावी, तर बोर्ड कपाटामागे. एकदा तिने ती उपटलीही. तेव्हा भावाच्या फोनवर ‘संपर्क तुटला’ असा निरोप उमटला आणि तो भट्टी टाकून धावत वर आला.

तिने सांगितलेली आणखी एक गोष्ट येथे नमूद करते. पूर्वी या घराच्या रस्त्याकडील खिडकीला चिकाचा पडदा होता. बांबूच्या बारीक काड्यांचा तो पडदा दोरी सोडली की उलगडे आणि ओढली की गुंडाळला जाई. सासूबाई दुपारभर त्याच्याआड बसून तांदूळ निवडीत आणि खालची वर्दळ न्याहाळीत. आतल्याला बाहेरचे दिसे, बाहेरच्याला आतले दिसत नसे, आणि दोरी नेहमी आतल्या माणसाच्या हाती असे. (चिक्कपेटेतला ‘चिक्क’ वेगळा बरे का! कन्नडात ‘चिक्क’ म्हणजे लहान. केंपेगौडाने १५३७ साली वसविलेल्या पेठेचे दोन मुख्य रस्ते ‘दोड्डपेटे’ व ‘चिक्कपेटे’, म्हणजे थोरली पेठ आणि धाकटी पेठ. पुढे १६३८ साली विजापूरकरांनी बेंगळूर घेतले व शहाजीराजांकडे त्याचा कारभार आला, तेव्हापासून मराठी बोलणे या पेठांना नवखे राहिलेले नाही.) आता तिच्या खोलीत आला होता तो पडदा उलट्या जातीचा होता. बाहेरच्याला आतले सारे दिसे. आतल्याला मात्र आपल्याकडे कोण पाहते आहे, याचा पत्ताच नसे.

ही शेवटची गोष्ट केवळ शब्दांची नव्हती, हे त्याच संध्याकाळी कळून आले. ॲपमध्ये कोणाकोणास हे चित्र पाहण्याची मुभा आहे, त्याची यादी असते. नातवाने ती उघडली. भाऊ, वहिनी, नातू ही नावे अपेक्षितच होती. चौथा एक क्रमांक कोणाच्याच ओळखीचा निघेना. बराच वेळ आठवल्यावर उलगडा झाला, की कॅमेरा बसवून देण्यास आलेल्या तरुणाने तो प्रथम स्वतःच्या फोनवर जोडून पाहिला होता आणि जाताना आपले नाव काढण्याचे त्याला सुचले नव्हते. त्यात त्याचा काही वाईट हेतू असेल असे मला वाटत नाही. परंतु पाच महिने एका परक्या माणसाला, मनात येताच, मावशीच्या खोलीत पाहता आले असते, हे सत्य काही त्यामुळे बदलत नाही. वहिनी बराच वेळ काहीच बोलली नाही. मग तिने स्वतः बसून तो क्रमांक काढला, परवलीचा शब्द बदलला आणि मुलाकडून दोनदा तपासून घेतला.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा कॅमेरा असेल, त्यांनी हा लेख पुढे वाचण्यापूर्वी ती यादी पाहिली, तरी मला आनंद होईल. परवलीच्या शब्दाची हेळसांड किती महाग पडते, हे २०१६ साली साऱ्या जगाने अनुभवले. ‘मिराई’ नावाच्या एका उपद्रवी प्रोग्रामने कारखान्यात घातलेले, कोणीही न बदललेले असे साठच्या आसपास ठरावीक परवलीचे शब्द आलटून पालटून वापरले आणि लक्षावधी कॅमेरे व तत्सम उपकरणे आपल्या ताब्यात घेतली. त्यांच्या एकत्रित माऱ्याने त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. अशा कॅमेऱ्यांचा मूळपुरुष मात्र निरुपद्रवी होता. केंब्रिज विद्यापीठातील संगणकतज्ज्ञांनी १९९१ साली एक कॅमेरा कॉफीच्या भांड्यावर रोखून ठेवला. हेतू एवढाच, की भांडे रिकामे असताना जिना चढण्याची दगदग होऊ नये. कॉफीच्या भांड्याची त्यास हरकत असण्याचे कारण नव्हते.

माणसांची हरकत मात्र असू शकते, आणि ती आता आपल्या देशात कायद्यानेही मान्य झाली आहे. याचा आरंभ बेंगळुरूच्याच एका वृद्ध गृहस्थांनी केला, ही गोष्ट मावशीला फार आवडली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यातून उद्भवलेल्या प्रश्नावर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. (न्या. पुट्टस्वामी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये निवर्तले.) आमच्या विषयाच्या याहूनही जवळचा निर्णय २०२५ सालचा आहे. एका सामाईक घरातील वादात कोलकाता उच्च न्यायालयाने म्हटले, की घरातील सहनिवाशाच्या संमतीवाचून त्याच्या राहत्या भागात कॅमेरे चालू ठेवणे हा त्याच्या खासगीपणाचा भंग होय; आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. स्त्रीला तिच्या खासगी क्षणी चोरून पाहणे वा तिचे चित्रण करणे हा तर भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हाच आहे.

परंतु मुलाविरुद्ध कलमे वाचून दाखवावीत, असा काही हा प्रसंग नव्हता. कॅमेरा हवा, हे मावशीलाही मान्य होते. तो पाऊण तास ती विसरलेली नाही. खाली गलाईतही एक कॅमेरा आहे. तो तराजूवर रोखलेला असतो, आणि त्यामुळे सराफाचा माणूस समोर नसला, तरी तोलाबद्दल शंका निघत नाही. त्या कॅमेऱ्याचे मावशीला कौतुकच आहे. प्रश्न फक्त एवढाच होता, की वरच्या कॅमेऱ्याला तिने स्वतः, बसल्या जागेवरून, झाकावे कसे?

प्रथम आम्ही सर्वांना सुचते तेच केले. तान्ह्या मुलाला घालतात तसे एक टोपडे वहिनीने शिवले, नाडीसकट. दिसायला ते इतके गोजिरवाणे झाले, की नातवाने त्याचा फोटो काढून मित्रांना पाठविला. पण ते घालायचे कोणी? कपाट सहा फूट उंच. मावशी स्टूल ओढू लागली, तेव्हा आम्हा दोघींच्याही अंगावर काटा आला. स्टुलावर चढल्यावाचून घालता येत नाही, असे झाकण वृद्ध माणसाच्या खोलीत असूच नये. म्हणून पहिला बदल झाकणात नव्हे, तर जागेत केला. कॅमेरा कपाटावरून उतरवून भिंतीवरच्या फळीवर, छातीच्या उंचीला आणला आणि त्याचे तोंड पलंगाऐवजी पलंग व न्हाणीघर यांमधील जमिनीकडे केले. पडायचे झाले तर माणूस तिथेच पडणार. यानंतर फोनवर पाहतो, तो पलंग तसाच दिसतो आहे; समोरच्या कपाटाच्या आरशात! आरसाही हलवावा लागला.

दुसरा अनुभव अधिक बोधप्रद होता. टोपडे वहिनीने दुकानातून आणलेल्या काळ्या अस्तराच्या पातळ, कृत्रिम धाग्याच्या कापडाचे शिवले होते. दिवसा ते घातले, की फोनवर मिट्ट काळोख. आम्ही समाधानाने जेवायला बसलो. रात्री दिवे मालवल्यावर नातवाने सहज फोन पाहिला आणि ओरडला, “आई, आजी दिसतेय!” खरोखरच टोपड्याआडून पलंगाची कड आणि मावशीची आकृती धूसर, पण ओळखू येण्याजोगी दिसत होती.

याचे कारण असे, की अंधार पडला म्हणजे असे कॅमेरे आतल्या आत ‘टक्’ असा आवाज करून एक गाळणी बाजूला सारतात आणि आपल्या डोळ्यालाच न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाने पाहू लागतात. तो प्रकाश टाकणारे बारीक दिवे भिंगाच्या भोवतीच बसविलेले असतात. आपल्या डोळ्यांना गडद काळे दिसणारे पुष्कळसे कापडी रंग या अवरक्त प्रकाशाला अडवीतच नाहीत. त्याच्या लेखी ते कापड झिरझिरीत असते. सोनी कंपनीने १९९८ साली विकलेल्या रात्री पाहू शकणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतून काही कपड्यांच्या आरपार दिसते, असे आढळल्यावर मोठा गहजब झाला आणि कंपनीस त्या सोयीत बदल करावा लागला. तेव्हा काळे म्हणजे अपारदर्शक, हा समज सोडून द्यावा. जाड पुठ्ठा चालतो. त्याला आतून ॲल्युमिनियमचा कागद लावला, तर मग शंकाच उरत नाही. चिकटपट्टी थेट भिंगावर लावणे हाही सोपा मार्ग वाटतो. परंतु तिचा गोंद भिंगावर राहतो आणि पुढे चित्र कायमचे अंधुक होते.

अखेर जे बनले, ते मावशीच्याच आठवणीतून बनले. “आमच्या चिकासारखं काही करता येईल का गं? दोरी माझ्याकडे राहील असं?”

चिक्कपेटेतल्या घरात साडीच्या खोक्यांना काय तोटा! चांगल्या जाड पुठ्ठ्याचे एक खोके घेतले. आमचा कॅमेरा ११ सेंटिमीटर उंच व ८ सेंटिमीटर रुंद आहे, त्या मानाने मी मापे देते. आपल्या कॅमेऱ्यानुसार ती कमीजास्त करावीत. प्रथम तीन बाजूंची एक कमान करावयाची. दोन्ही अंगांस दोन भिंती, प्रत्येकी १४ सेंटिमीटर उंच व १२ सेंटिमीटर खोल, आणि त्यांवर १३ सेंटिमीटर रुंदीचे छत. मागची बाजू उघडीच ठेवावयाची आणि कमान भिंतीपासून चार बोटे पुढे बसवावयाची, कारण हे यंत्र सतत चालू असल्याने कोमट होते व त्यास वारा लागतो. सबंध यंत्राला गुंडाळून टाकणारे कोणतेही आवरण त्यामुळे वर्ज्य समजावे. छताच्या मागच्या भागाला जाड सुईने चार-पाच भोके पाडली, तर गरम हवा वर निघून जाते. सांधे आतून कापडी पट्टी व पांढऱ्या गोंदाने जोडावेत आणि रात्रभर वाळू द्यावेत. घाई केली, तर कमान तिरपी होते. आमची पहिली झाली.

आतल्या बाजूस काळा कागद चिकटविण्यास विसरू नये. आम्ही विसरलो. पुठ्ठ्याच्या पांढऱ्या भिंतींवरून कॅमेऱ्याचा तो अदृश्य उजेड परत भिंगातच शिरला आणि रात्रीच्या चित्रावर धुके पसरले. काळा कागदही छपाईच्या काळ्या शाईचा किंवा कार्ड पेपरसारखा जाड असावा. नुसता रंगविलेला पातळ कागद चालत नाही. याखेरीज कॅमेरा कमानीच्या तोंडाशी, पण पडद्यापासून दोन बोटे आत ठेवावा, म्हणजे भिंतींचा अडथळा होत नाही आणि पडदा भिंगास घासतही नाही.

आता पडदा. १५ सेंटिमीटर रुंद आणि साडेतेरा सेंटिमीटर उंच असा पुठ्ठ्याचा दुहेरी तुकडा घ्यावा. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ॲल्युमिनियमचा कागद, कॅमेऱ्याकडील अंगास काळा कागद आणि बाहेरील अंगास लाल कापड. लाल रंग हौसेखातर नाही; पलंगावरून, चष्म्याशिवाय, पडदा पडलेला आहे, की नाही, हे कळावे म्हणून तो आहे. मावशीने आपल्या एका जुन्या इरकलीचा पदर त्यासाठी फाडला. हा तुकडा छताच्या पुढच्या कडेला कापडाच्या सलग पट्टीने जोडला, की ती पट्टी बिजागरीचे काम करते. पडद्याच्या खालच्या कडेला मधोमध एक घुंगरू शिवावे. घुंगराच्या वजनाने पडदा आपोआप खाली येतो आणि तो वरखाली होताना आवाज होतो. म्हणजे आपण डोळे मिटून पडलेले असताना कोणी पडदा उचलला, तर ते ऐकू येते. ही घुंगराची कल्पना मावशीची. तिच्या सासूबाईंच्या चिकालाही एक होते म्हणे.

दोरी म्हणून परकराचा नाडा उत्तम. एक टोक घुंगरापाशी बांधून नाडा छतावरून मागे न्यावा, कमानीच्या वर वीतभर अंतरावर भिंतीत बसविलेल्या कडीतून ओवावा आणि तिथून दुसऱ्या एका कडीतून पलंगाच्या उशाशी आणावा. नाडा ओढला, की पडदा आडवा होऊन थोडा वर उचलला जातो; तो कॅमेऱ्याच्या दृष्टीच्या पूर्ण बाहेर जाईल, इतका उचलला गेला पाहिजे, परंतु उलटून छतावर पडता कामा नये, नाही तर तो परत खाली येत नाही. तेवढ्यासाठी योग्य जागी नाड्याला एक जाड गाठ मारावी. ती कडीत अडकते आणि पडदा त्यापुढे जात नाही. उशाशी एक खुंटी असावी आणि नाड्याच्या टोकाला फास. फास खुंटीवर असताना पडदा उघडा. काढला, की बंद.

या खुंटीवरून माय-लेकांत एक छोटासा वाद झाला. पडदा सहसा उघडा असावा, की बंद? मावसभावाचे म्हणणे, उघडा. कारण पडणे काही वेळ ठरवून होत नाही. मावशीचे म्हणणे, बंद. पाहावेसे वाटले, तर त्याने वर येऊन विचारावे, जिना काही लांब नाही. शेवटी ठरले ते असे. फास एरवी खुंटीवर राहील. साडी बदलताना, दुपारी पडताना, किंवा तिला नुसतेच वाटले, म्हणून ती तो काढील. त्याचे कारण कोणी विचारायचे नाही. मात्र एका तासाहून अधिक वेळ चित्र अंधारे राहिले, तर कोणीतरी वर येऊन दार वाजवील. नाडा तुटला, तरी पडदा खालीच पडतो आणि भावाला ते लगेच कळते, कारण पडदा हलला, की ॲप त्यालाही हालचाल समजून फोनवर निरोप पाठविते. या निरोपांचा प्रथम उपद्रव वाटला. आता भाऊ म्हणतो, दुपारी दोनच्या सुमारास निरोप आला, की समजायचे, आईचे जेवण होऊन ती आडवी झाली.

पडदा पुरा झाल्यावर त्याची परीक्षा दोनदा घ्यावी, एकदा भर दिवसा आणि एकदा रात्री सर्व दिवे मालवून. एकाने फोन पाहावा व दुसऱ्याने कॅमेऱ्यासमोर पांढरा टॉवेल हलवावा. काहीही दिसता कामा नये. कडेने उजेडाची रेघ दिसली, तर पडदा त्या बाजूस कापडाची झालर लावून रुंद करावा. कॅमेरा मान फिरवणारा असेल, तर वीज जाऊन परत आल्यावर तो एकदा इकडून तिकडे सबंध मान फिरवतो. त्या वेळी तो कमानीच्या भिंतींना धडकत नाही ना, हेही पाहून घ्यावे. माणसामागे मान वळविण्याची सोय आम्ही ॲपमधून बंदच करून टाकली.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, नाही तर हा लेख वाचकांस खोटा दिलासा देईल. पडदा चित्र अडवितो, आवाज नाही. या कॅमेऱ्यांना कानही असतो, आणि पुठ्ठ्याआडूनही त्याला सारे ऐकू येते. आमच्या घरी ही गोष्ट निम्मी सोयीची ठरली. पडदा पडलेला असताना मावशीने हाक मारली, तर ती फोनवर ऐकू जाते. पण ती माझ्या आईशी फोनवर तासभर बोलते, त्यात सूनबाईंचा उल्लेख येतच नसेल, असे म्हणवत नाही! आवाज ॲपमधून बंद करता येतो. पण ते बटण पुन्हा दुसऱ्याच्याच फोनवर. तेव्हा खात्रीचा उपाय एकच, वीज तोडणे. म्हणून कॅमेऱ्याची वायर कपाटामागून काढून उशाजवळच्या बोर्डावर आणली आणि त्या बटणावरही लाल कापडाचा एक ठिपका चिकटविला. न्हाणीघरात तर कॅमेरा नसतो आणि नसावाच. तिथल्यासाठी एस. पी. रोडवरून दारावर लावतात तसली बिनतारी घंटी आणली. तिचे बटण न्हाणीघरात खालच्या अंगाला, जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात पोचेल असे लावले आणि घंटी खाली भट्टीजवळ. पंख्याच्या घरघरीतही ती ऐकू येते, हे आम्ही तीनदा वाजवून पाहिले. किंमत कॅमेऱ्यापेक्षा पुष्कळच कमी.

ज्यांच्याकडे घरगुती कॅमेरा नाही, पण मांडीवरचा संगणक आहे, अशा वाचकांनी या पुठ्ठ्याच्या नादी लागू नये. त्याच्या पडद्यावरच्या कॅमेऱ्यास सध्या कागदाचा सुटा तुकडा पुरतो आणि तोही संगणक मिटताना काढून ठेवावा. ॲपल कंपनीने २०२० साली आपल्या ग्राहकांना बजावले होते, की साध्या कागदाहून, म्हणजे ०.१ मिलिमीटरहून जाड असे काही कॅमेऱ्यावर ठेवून संगणक मिटल्यास पडदा तडकू शकतो.

मी परतले त्या दिवशी मावशी मला जिन्यापर्यंत पोचवायला आली. माझी पिशवी तिने खोलीतच भरून दिली होती, साडीही तिथेच बदलली होती. खाली गलाईत भाऊ तराजूवर काहीतरी तोलीत होता. फोनकडे न पाहताच म्हणाला, “घुंगरू वाजलं मघाशी. इथवर ऐकू येतं.”

त्यानंतर तिचा फोन आला, तो नाड्याविषयी. कडीपाशी घासून तो झिजतो, आणि दोन महिन्यांत एकदा तुटलाही. आता तिने जाड सुताचा नाडा घातला आहे, कडीला मेण लावले आहे आणि कापून ठेवलेला एक जादा नाडा शिवणाच्या डब्यात आहे. माझ्या आईच्या खोलीची फळी किती रुंद आहे, ते मोजून कळव, असा तिचा निरोप आहे. खोके तिने बाजूला काढून ठेवले आहे.